उजव्या खुर्चीचं वजन

तिचा दिवस पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी सुरू व्हायचा. चारला उठलं तर दहा मिनिटं फुकट जायची आणि सव्वाचारला उठलं तर पाच मिनिटं कमी पडायची. हा हिशोब तिनं पहिल्याच आठवड्यात पक्का केला होता. खोली टायरवाल्याच्या दुकानावर होती. एक खाट, एक खिडकी, भिंतीत तीन खिळे. पहिल्या खिळ्यावर कामाचे कपडे, दुसऱ्यावर रेनकोट आणि तिसऱ्यावर प्लास्टिकच्या पिशवीत इस्त्री केलेला पांढरा शर्ट. वैमानिकाचा शर्ट. तो अकरा महिने पिशवीतून बाहेर निघाला नव्हता.

सायकलनं पंचवीस मिनिटांवर विमानतळ. विमानतळ म्हणजे डोळ्यांसमोर काचेच्या भिंती आणि सरकते जिने आणू नयेत. एक धावपट्टी, एक पत्र्याची मोठी शेड, मालाचं गोदाम आणि चहाचं एक मशीन. मशीन नाणं घ्यायचं. चहा द्यायचा की नाही ते त्याच्या लहरीवर.

ती वैमानिक होती. परवाना हातात येऊन दीड वर्ष झालं होतं. परवाना मिळाल्यावर तिनं त्रेसष्ट कंपन्यांना अर्ज केले. चाळीसेक ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. ज्यांनी दिलं त्यांनी एकच विचारलं, उड्डाणाचे तास किती? तिचे दोनशे अकरा होते. त्यांना पाचशे हवे होते. उडवल्याशिवाय तास होत नाहीत आणि तासांशिवाय कुणी उडवायला देत नाही. या चक्कीत तिच्या वर्गातली निम्मी मुलं भरडली गेली. एक जण विमा विकू लागला, एक जण वडिलांच्या दुकानात बसला.

फक्त या एका कंपनीनं तिला बोलावून घेतलं. दोन इंजिनांची तीन छोटी मालविमानं. टपाल, औषधं, यंत्रांचे सुटे भाग, आणि आठवड्यातून तीनदा डोंगरापलीकडच्या गावाला कोंबडीची एक दिवसाची पिल्लं. कंपनीची रीत जुनी होती. नवा वैमानिक आधी वर्षभर खाली राबणार. माल तोलायचा, चढवायचा, जाळीनं बांधायचा, वजनाचा कागद भरायचा. नंतर उजवी खुर्ची, म्हणजे सहवैमानिकाची जागा, रिकामी झाली तर तिथे बसायचं. मुख्य कॅप्टननी पहिल्या दिवशी तिला एवढंच सांगितलं होतं, "आपण काय उचललंय हे ज्याला ठाऊक नाही, त्यानं ते वर नेऊ नये."

तिला वाटलं होतं, उचलणं म्हणजे काय, ताकद लावली की झालं. तसं नसतं. तिसऱ्या दिवशी तिला खाटेवरून उठता येईना.

"काय पायलटीणबाई," गोदामाचा मुकादम म्हणाला, "विमान उडवायला आलात की कंबर मोडून घ्यायला? गुडघे वाकवा, गुडघे! पाठ टेकायला असते. उचलायला मांड्या."

मुकादम साठीचा, आखूड मानेचा, तोंडानं तिखट. त्यानं तिला खोकं अंगाला चिकटवून धरायला शिकवलं. वळताना कमरेतून न वळता पाय उचलून वळायला शिकवलं. हातमोजे ओले झाले की बदलायचे, आळस करायचा नाही. दोन महिन्यांनी ती सकाळच्या पाळीत बाराशे किलो हलवू लागली. मुकादमानं शाबासकी दिली नाही. तो फक्त 'बाई' म्हणायचं थांबला.

गोदामात माणसांना नावं नव्हती. वजनं होती. छोट्या विमानात माणूसही मालच असतो. त्याचं वजन कागदावर चढवावं लागतं. त्यामुळे मुख्य कॅप्टनना सगळे पाठीमागे 'ब्याऐंशी' म्हणायचे आणि त्यांच्या उजवीकडे बसणाऱ्या गलेलठ्ठ सहवैमानिकाला 'शहाण्णव'. "शहाण्णव आले का?" "आले, पण नाश्ता करून आलेत, सत्त्याण्णव धरा." असं चालायचं. तिला आकडा नव्हता. ती इथल्या विमानात कधी बसलीच नव्हती, तर आकडा हवा कशाला?

वजनाच्या कागदाचं काम तिला आवडायचं. विमान तराजूच्या दांडीसारखं असतं. किती किलो हे जितकं महत्त्वाचं, तितकंच ते किलो कुठे ठेवले हेही. पुढे जास्त झालं तर नाक उचलत नाही. मागे जास्त झालं तर नाक आपोआप वर जातं आणि खाली येत नाही. कागदावर एक रेघ असते. सगळ्या वजनांचा मध्य त्या रेघेच्या आत हवा.

बाकी दिवस लांब होता. दुपारी दोनला पाळी संपायची आणि मग करण्यासारखं काही नसायचं. टायरवाला सज्जन होता, पण त्याच्याशी टायरखेरीज बोलायचं काय? ती खोलीत येऊन पाय धुवायची, जेवायची, भांडं विसळायची. खाटेवर बसून डोळे मिटायची आणि हात पुढे करून हवेतली बटणं क्रमानं दाबायची. इंजिन सुरू करायची यादी, बंद करायची यादी, एक इंजिन बंद पडलं तर करायची यादी. रोज. कुणी पाहिलं असतं तर वेडी म्हणाला असता. पाहायला कुणी नव्हतं. वर्गातल्या मुलांचा फोनवर एक गट होता. त्यात अधूनमधून कुणाचा तरी गणवेशातला फोटो यायचा, खाली अभिनंदनाची रांग लागायची. तीही अंगठा पाठवायची आणि फोन उशीखाली सारायची.

पिल्लांच्या दिवशी बरं वाटायचं. भोकं पाडलेली पुठ्ठ्याची खोकी, एकेका खोक्यात शंभर जीव, नुसता चिवचिवाट. गार पहाटे खोकं उचललं की छातीला ऊब लागायची. ते ठेवून पुढचं उचलायला ती किंचित उशीर करायची. मुकादम पाहून न पाहिल्यासारखं करायचा.

रविवारी तिच्या वडिलांचा, अप्पांचा फोन. अप्पा कारखान्यात लेथ मशीनवर चाळीस वर्षं काम करून घरी बसले होते. बोलणं मोजकं.

"काय गं, आज कुठवर?"

"आज विमान डोंगरापलीकडे गेलं."

"आणि काल?"

"काल बेटावर. वारा फार होता."

यात खोटं काही नव्हतं. विमान गेलं होतं, वाराही होता. मी गेले, असं ती एकदाही म्हणाली नव्हती. फोन मात्र ती घाईनं ठेवायची.

तिच्यासमोर एक तारीख होती. वैमानिकाच्या परवान्यावर एक शिक्का असतो. ढगात शिरल्यावर बाहेरचं काही दिसत नसताना नुसत्या काट्यांवर आणि तबकड्यांवर विमान चालवता येतं, याचा. तो एका वर्षाचा असतो. तिनं तो परवान्यानंतर सहा महिन्यांनी, इथे यायच्या जरा आधी मिळवला होता. पुन्हा परीक्षा दिल्याशिवाय वाढत नाही. परीक्षेला दोन इंजिनांचं विमान भाड्यानं घ्यावं लागतं आणि तो खर्च हमालाच्या खिशाचा नसतो. कंपनी आपल्या सहवैमानिकांची परीक्षा स्वतः करून घ्यायची, खालच्या माणसांची नाही. तिचा शिक्का येत्या एकोणीस तारखेला संपत होता. शिक्का गेला की ती कागदावरही नुसती हमाल उरणार होती.

आणि नेमकं त्याच महिन्यात शहाण्णवला मोठ्या कंपनीत नोकरी लागली. त्यानं गोदामात पेढ्यांऐवजी बिस्किटांचे दोन पुडे फोडले. "चला, आता तराजू हलका करून जातो," म्हणाला. मुख्य कॅप्टन तिच्यासमोर थांबले.

"परवा, आठ तारखेला, उजवीकडे तू. एक फेरी. जमली तर जागा तुझी. शर्ट आहे ना?"

"आहे सर."

आठ तारखेला तिला गजराची गरज पडली नाही. तिच्या जागी घेतलेला माणूस अजून रुजू व्हायचा होता, म्हणून माल तिनं आणि मुकादमानं मिळूनच चढवला. पिल्लांची चौदा खोकी पुढे, कारण गरम हवेची नळी पुढेच उघडते. टपालाच्या थैल्या मधे. मागे एकशे चाळीस किलोचा पाण्याचा पंप. तिनं कागद भरला, रेघ तपासली. मध्य रेघेच्या आत होता, बोटभर का होईना, पण आत. मग गोदामात खोक्यांच्या थप्पीमागे जाऊन तिनं कपडे बदलले. शर्ट दंडांना घट्ट झाला होता. अकरा महिन्यांत दंड वाढले होते.

डोंगरावर ढग उतरत होते. विमान ज्यातून पलीकडे जायचं ती खिंड साडेआठपर्यंत उघडी राहील असा निरोप होता. सात पंचावन्नला ती उजव्या खुर्चीत चढली. कॅप्टन आधीच बसले होते, कागदावर सही करून त्यांनी तो खिशात घातला होता. या कॅप्टनांचं एक सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांना खोळंबा खपायचा नाही. दोन वर्षांपूर्वी एक नवा पोरगा हातमोजे विसरला म्हणून परत उतरला. तो त्या खुर्चीत पुन्हा कधी दिसला नाही.

तिनं पट्टा ओढला. तिचे पाय पायपट्ट्यांपर्यंत पोचेनात. खुर्ची पार मागे सरकवलेली होती. तिनं खटका दाबून खुर्ची पुढे घेतली. बसकण मधे खोलगट झाली होती, भल्या मोठ्या माणसाच्या बसण्यानं. त्या खळग्यात ती बशीत ठेवलेल्या लिंबासारखी बसली होती.

आणि मग तिला कागद आठवला.

कागदावर पहिली ओळ कॅप्टनची, ब्याऐंशी. दुसरी ओळ उजव्या खुर्चीची. ती ओळ तिनं अकरा महिने रोज एकच आकडा लिहून भरली होती. हात आपोआप चालायचा. आज सकाळीही चालला होता. शहाण्णव. शहाण्णव तर रेल्वेनं मोठ्या शहराला निघून गेला होता. त्या खुर्चीत ती बसली होती आणि ती कुठल्याच ओळीत नव्हती.

विमानाच्या नाकातलं चाळीस-पंचेचाळीस किलो कमी. मागे पंप. मध्य रेघेच्या बाहेर गेला असणार.

"पहिलं इंजिन," कॅप्टन म्हणाले आणि हात बटणाकडे गेला.

बोलू नये असंही तिला वाटलं. वाटलं नाही असं म्हणणं खोटं होईल. बोटभरच तर बाहेर. अशी विमानं उडतातही. खिंड साडेआठला बंद होणार, शिक्का एकोणीसला. हे सगळं ज्या वेळात मनात आलं, तेवढ्यात कॅप्टनचं बोट बटणावर टेकलं.

"सर, थांबा."

"काय?"

"कागद चुकलाय. मी माझं वजन धरलं नाही. शहाण्णवच लिहिलंय."

कॅप्टननी बोट काढलं. खिशातून कागद काढून उलगडला. दुसऱ्या ओळीवर बोट टेकवलं. आवाज वाढवला नाही.

"कागद केला कुणी?"

"मी."

"माल चढवला कुणी?"

"मी आणि मुकादमांनी."

"मग उतरवा."

ती पांढऱ्या शर्टात खाली उतरली. मुकादम धावत आला. ऐकलं, कपाळावर हात मारला. मग तिच्याकडे पाहून गोदामातल्या वजनकाट्याकडे बोट केलं.

"चढ."

"काय?"

"काट्यावर चढ म्हणतोय! अंदाजानं पुन्हा लिहिणार आहेस का?"

ज्या काट्यावर तिनं अकरा महिने जगभरचं सामान तोललं, त्यावर ती पहिल्यांदा उभी राहिली. काटा थरथरत थांबला.

"बावन्न. बुटांसकट," मुकादम म्हणाला. "एवढ्याशा वजनानं केवढा घोळ घातलास गं पोरी."

जाळ्या सोडल्या. पिल्लांची चौदा खोकी बाहेर, थैल्या बाहेर. पंप लाकडी दांड्यांवर घेऊन इंच इंच पुढे. गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून. शर्टाच्या पाठीला शिवण उसवली. पुन्हा थैल्या, पुन्हा खोकी, पुन्हा जाळ्या. सगळं पंचवीस मिनिटांत. इतक्या वेळात ते काम चार माणसांनाही जमलं नसतं. नव्या कागदावर मध्य रेघेच्या छान आत आला. आठ बावीसला ती खुर्चीत होती. आठ चोवीसला रेडिओवर निरोप आला, खिंड बंद. आजची फेरी रद्द.

पहाटे पिल्लं घेऊन आलेल्या गाडीवाल्यानं खोकी परत भरताना तोंड सोडलं. "आता आठ तास रस्त्यानं मीच नेतो. मला काय, पोटातल्या बलकावर दोन दिवस तग धरतात ती. तुमचं विमान त्यांच्याहून नाजूक!"

कॅप्टननी तिला शेडच्या दारात गाठलं.

"स्वतःचं वजन न धरणारा माणूस आज माझ्या शेजारी बसणार नाही. हा महिना खाली. एक तारखेला पुन्हा पाहू."

"सर, एकोणीसला माझा शिक्का संपतो."

"तो जिवंत ठेवून ये. शिक्का नसलेला माणूस मी घेत नाही."

 ते निघाले, दोन पावलांवर थांबले.

"सांगितलंस, म्हणून महिना. सांगितलं नसतंस आणि मला कळलं असतं, तर फाटक दाखवलं असतं."

"आणि तुम्हाला कळलंच नसतं तर?"

"कळलं असतं. चाकं सुटली की नाक आपलं आपण वर गेलं असतं. मग दोघांनाही कळलं असतं, आणि सांगायला कुणी उरलं नसतं."

त्या दिवशी दुपारी खोली फार लहान वाटली. शर्ट तिनं धुतला, शिवण घातली, वाळत टाकला. खालून टायरमध्ये हवा भरल्याचा आवाज येत होता. फोन हातात घेऊन ती विचार करत राहिली, हे कुणाला सांगावं. फोनमध्ये एकशे चाळीस नावं होती. ती वरून खालपर्यंत सरकवली, खालून वरपर्यंत सरकवली. शेवटी रविवार नसताना अप्पांना फोन लावला.

"अप्पा, मी उडवत नाही. अकरा महिने झाले. मी माल चढवते."

पलीकडून खोकला ऐकू आला.

"ठाऊक आहे."

"कसं?"

"मागं चेहरा दिसायचा फोन लावला होतास तेव्हा केस मागं सारलेस. बोटांच्या पेरांना चिरा होत्या. तसल्या चिरा हँडल धरून पडत नाहीत. मी चाळीस वर्षं हातच बघितलेत."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील तेव्हा सांगशील. आईला मी कळू दिलं नाही." मग ते म्हणाले, "नीट उचलतेस ना? पाठीवर घेत नाहीस ना?"

"मांड्यांवर."

"मग झालं."

तिनं काट्याची, खुर्चीची, शिक्क्याची गोष्ट सांगितली. 

"पैसे पाठवू का काही?" शेवटी अप्पांनी विचारलं.

"नको. माझे आहेत."

होते ते सगळे, अकरा महिन्यांचे, हमालीचे. कशासाठी साठवले हे तिलाही सांगता आलं नसतं. खर्च करायला सोबत कुणी नव्हतं, म्हणून साठले. ती दोन तासांवरच्या विमानशाळेत चौकशी करून आली. थोडे कमी पडत होते. आठवडाभर तिनं दुपारचीही पाळी केली. मुकादमानं विचारलं नाही. त्यानं फक्त जड खोकी स्वतःच्या बाजूला घेतली आणि वर तिलाच दटावलं, "बघत काय बसलीस, हलकी संपव ती."

सतरा तारखेला परीक्षा झाली. परीक्षक बाई उंच, वयस्क, तोंडात गोळी चघळत होत्या. शाळेच्या विमानात बसण्याआधी तिनं वजनाचा कागद पुढे केला. पहिल्या ओळीत स्वतःचं वजन, बुटांसकट. बाईंनी कागद पाहिला आणि परत दिला.

चाकं जमिनीवरून सुटताच बाईंनी तिच्या कपाळावर झापड बांधली. टांगेवाल्याच्या घोड्याला असते तशी, वर आणि बाजूला काही दिसू न देणारी. समोर फक्त तबकड्या. तिनं विमान चढवलं, वळवलं, खाली घेतलं, पुन्हा चढवलं. बाईंनी न सांगता एक इंजिन मंद केलं. तिचे हात आपोआप यादीतून गेले. पण या वेळी प्रत्येक बटणावर बोट ठेवून ती आधी मोठ्यानं बोलली आणि मगच दाबलं. बाहेर ऊन होतं की ढग, खाली नदी होती की गाव, काही कळलं नाही. घाम झापडीखालून डोळ्यांत गेला तो तिनं पुसलाही नाही.

"काढ," बाई म्हणाल्या.

झापड वर केली. धावपट्टी नाकासमोर, सरळ, जवळ. दोन्ही बाजूंना पिवळं गवत वाऱ्यानं आडवं झालं होतं, दूर एक पाण्याची टाकी, आणि वर खूप मोठं, स्वच्छ आभाळ. वर्षानं ती हे सगळं वरून पाहत होती. मग चाकं टेकली.

शाळेच्या खिडकीवर बसलेल्या कारकुनानं नोटा दोनदा मोजल्या, कारण बऱ्याचशा लहान होत्या. पावतीवर लिहिलं, उड्डाण एक तास दहा मिनिटं. बाईंनी परवान्यावर शिक्का मारला, खाली सही केली आणि हात पुढे केला. तिच्या तळव्याचे घट्टे त्यांना लागले असतील. त्यांनी हात एक क्षण जास्त धरला, इतकंच.

एक तारखेला ती उजव्या खुर्चीत बसली आणि बसली ती राहिली. पण ते उडणं कंपनीच्या पैशानं. तिच्या स्वतःच्या अकरा महिन्यांच्या हमालीनं शेवटी विकत घेतला तो एक तास दहा मिनिटं, आणि त्यातलं आभाळ दिसलेलं जेमतेम अर्धं मिनिट.